सत्र सुरू होण्याआधी: वर्गातल्या आणि पडद्यावरच्या शाळेची तयारी

सत्र सुरू व्हायला दोन आठवडे उरले की माझ्या टेबलावर याद्या साचू लागतात. वेळापत्रक, हजेरीपट, लिंक, पासवर्ड, कुणाचं औषध कुठं ठेवायचं, कुणाला पुढचा बाक हवा. वर्गशिक्षिका म्हणून इतकी वर्षं या याद्यांचा क्रम बदलत आले. आता पहिली ओळ ठरलेली आहे आणि ती दोन नावांची आहे. मुलानं एका चिठ्ठीवर दोन मोठ्या माणसांची नावं लिहायची, एक घरचं आणि एक शाळेतलं. काही बिनसलं तर ज्यांच्याकडे जाता येईल अशी माणसं. कुणाची लिहायची ते आपण सुचवायचं नाही. शाळेतलं नाव म्हणून कुणी ग्रंथालयातल्या ताईंचं लिहिलं तर ते चालतं, वर्गशिक्षकांनी तोंड वाकडं करू नये. चिठ्ठी कोरी परत आली, तर गणवेश, वह्या सगळं बाजूला ठेवून आधी त्या मुलाकडे बघायचं. कारण त्रास होत असतो तेव्हा मुलाला नियम क्रमांक सात आठवत नाही, माणूस आठवतो.

नियमांकडे यायचं ते यानंतर. शाळेची नियमावली सोळा पानांची असेल तर असू दे, वर्गासाठी त्यातले सहा-सात नियम वेगळे काढून मुलांच्या भाषेत लिहायचे. ‘शिस्त पाळावी’ हा नियम नाही, ती तक्रार आहे. ‘दुसरा बोलत असताना आपण थांबायचं’ हे मात्र आठ वर्षांच्या मुलालाही करता येतं. प्रत्येक नियमापुढे तो मोडला तर काय होईल तेही लिहायचं, आणि जे लिहाल तेच करायचं. वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर नाव घेऊन हिणवणं, गुण कापण्याची धमकी देणं यांना त्या रकान्यात जागा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतल्या २८व्या कलमात शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरूनच असावी असं म्हटलं आहे. २०२१मध्ये याच संहितेच्या समितीनं मुलांचे हे सगळे हक्क डिजिटल जगातही तसेच लागू होतात असं सविस्तर सांगितलं. म्हणून मी ऑनलाइनसाठी वेगळा कागद काढत नाही. एकच कागद, आणि प्रत्येक नियमाखाली ‘वर्गात म्हणजे काय’ आणि ‘पडद्यावर म्हणजे काय’ अशा दोन ओळी. वर्गात बोलणाऱ्याला तोडायचं नाही, पडद्यावर स्वतःचा माइक बंद ठेवायचा. वर्गात दुसऱ्याची वही विचारल्याशिवाय उघडायची नाही, पडद्यावर दुसऱ्याचा स्क्रीनशॉट विचारल्याशिवाय काढायचा नाही. दुसरी ओळ मुलांनाच भरू द्या. ती आपल्यापेक्षा कडक नियम सुचवतात, थोडे सैल करावे लागतात.

आता घरातला कोपरा. २०२०मध्ये १९०हून अधिक देशांत शाळा बंद झाल्या आणि १५० कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले, तेव्हा बहुतेकांच्या घरात असा कोपरा नव्हताच. मुलं पलंगावर पोटावर झोपून तास करत होती. आज तयारीला वेळ आहे, तर एकदा मुलाला प्रत्यक्ष बसवून बघा. पाय जमिनीला टेकतात का? टेकत नसतील तर खाली एखादी पेटी किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत, आणि उजेड पाठीमागून नको, नाहीतर वर्गाला मुलाच्या जागी नुसती काळी सावली दिसते. डोळ्यांसाठी २०-२०-२०चा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या एखाद्या गोष्टीकडे, २० सेकंद बघायचं. ही गोष्ट आधीच ठरवून ठेवा, खिडकीतून दिसणारं झाड किंवा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ. ‘लांब बघ’ म्हटलं की मुलं फोनकडे बघतात. हेडफोनचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवायचा. तुम्ही हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारल्यावर मुलाला ऐकू आली पाहिजे.

कॅमेऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त वाद इथे होतात. ‘कॅमेरा चालू हवाच’ असा नियम मीही एके काळी लावला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलनसन यांनी २०२१मध्ये व्हिडिओ बैठकींच्या थकव्यामागे चार कारणं मांडली: सतत जवळून समोर येणारे डोळे, स्वतःचाच चेहरा सारखा दिसत राहणं, एका चौकटीत अडकून बसणं, आणि नुसत्या हावभावांतून कळणारी गोष्ट मुद्दाम मान हलवून दाखवावी लागणं. ते वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तासभर तिचं लक्ष माझ्याकडे नसायचं, स्वतःच्या चौकटीकडे असायचं. केस कानामागे, परत पुढे, परत मागे. मी तिला ‘लक्ष दे’ म्हणत होते आणि ती बिचारी आरशासमोर बसली होती. आता माझ्या यादीत असं आहे: पहिल्या दिवशी सगळ्यांना स्वतःची चौकट लपवायला शिकवायचं. हजेरीला, चर्चेला आणि गटात काम करताना कॅमेरा चालू. शिकवणं ऐकताना बंद ठेवला तर चालेल, पण मग चॅटमध्ये उत्तर आलं पाहिजे. घरात जागा नाही, मागे कुणी आजारी आहे, आज चेहरा दाखवावासा वाटत नाही, यांपैकी कारण कोणतंही असो, ते सगळ्यांसमोर विचारायचं नाही. कॅमेरा सलग आठवडाभर बंद राहिला तर मात्र फोन करायचा, आणि तो जाब विचारायला नव्हे तर चौकशीसाठी. दोन्हींतला फरक पहिल्याच वाक्यात मुलाला कळतो.

लिंकची तयारी कंटाळवाणी असते आणि म्हणूनच ती राहून जाते. मी एकदा घाईत वर्गाची लिंक पालकांच्या मोठ्या ग्रुपवर टाकली, ती तिथून कुठं कुठं गेली देव जाणे. तिसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला एक अनोळखी आवाज मुलांशी घाणेरडं बोलू लागला. तास बंद करायला मला जेमतेम दहा सेकंद लागले असतील, पण तेवढ्यात ते मुलांच्या कानावर पडलं होतं. तेव्हापासून वेटिंग रूम चालू, प्रवेश खऱ्या नावानंच, पडदा दाखवण्याची मुभा फक्त शिक्षकांना, आणि ‘सगळ्यांना बाहेर काढा’चं बटण कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे. तास रेकॉर्ड होणार असेल तर ते आधी सांगायचं, कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार तेही सांगायचं. पासवर्ड मुलानं मित्राला द्यायचा नाही, पालकांना द्यायचा. इथे मुलं हसतात, हसू द्या.

ग्रुपवरचं बोलणं हा खरा अवघड भाग. आधी वेळ ठरवा: अमुक वाजल्यानंतर वर्गाच्या ग्रुपवर काही टाकायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा. मग चिडवणं आणि छळ यांतला फरक मुलांना उदाहरणानं सांगा. नॉर्वेचे डॅन ओल्वेउस यांनी शाळांमधल्या छळाचा अभ्यास करताना तीन खुणा सांगितल्या होत्या: ते मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि सहन करणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं अवघड जातं. पडद्यावर यातली ‘पुन्हा पुन्हा’ ही खूण फसवी ठरते. एकानं एकदाच टाकलेला फोटो चाळीस फोनांवर गेला, तर टाकणाऱ्याच्या लेखी ते एकदाच झालं, सोसणाऱ्याच्या लेखी चाळीसदा. म्हणून पुढे ढकलणाराही त्यात आहे, हे आधीच स्पष्ट लिहून ठेवा. नंतर सांगितलं की ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ हेच उत्तर येतं. ज्याला त्रास झाला त्यानं काय करायचं याची सवय आधी घालून द्यावी लागते: उत्तर द्यायचं नाही, पुसून टाकायचं नाही, स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा, त्या माणसाला ब्लॉक करायचं आणि चिठ्ठीवरच्या दोघांपैकी एकाला दाखवायचा. त्रास अश्लील फोटोचा असेल तर त्याची प्रत काढायची नाही, कुणाला पाठवायची नाही, फोन तसाच मोठ्यांच्या हातात द्यायचा. आणि पालकांनो, तेव्हा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनं मुलं महिनोन्‌महिने गप्प राहतात.

प्रत्यक्ष शाळेची तयारी आपल्याला सवयीची वाटते, त्यामुळे तिथल्या जागा कुणी तपासत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज तिसऱ्या तासाला लघवीला जाऊ का विचारायचा. मला तो कंटाळा वाटायचा. एकदा त्याच्या मागोमाग गेले तेव्हा उलगडा झाला. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातली मुलं स्वच्छतागृहात अडवायची म्हणून तो तास चालू असताना जात होता, आणि सकाळपासून पाणी पीत नव्हता. त्यामुळे आता सत्राआधी मी मुलाच्या वाटेनं एकदा चालून बघते: फाटक, जिना, स्वच्छतागृह, मैदानाचा मागचा कोपरा. कुठे कुणाचीच नजर पोचत नाही ते टिपते आणि मधल्या सुट्टीत तिथं कोण उभं राहणार ते नावानिशी ठरवते. लघवीला जायची परवानगी ही बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरायची नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या आत असावं. ते घरच्या वजनकाट्यावर एकदा करून बघा, तीस किलोच्या मुलाला तीन किलो म्हणजे किती कमी सामान ते तेव्हा कळतं. बाकी बाटली, रुमाल, ओळखपत्र तुम्हाला माहीत आहेच.

झोप या यादीत बसते का असं एका पालकांनी विचारलं होतं. बसते, आणि बरीच वर. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६मध्ये सुचवलेलं प्रमाण असं आहे: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे ‘लवकर झोप’ म्हणून नववीतलं मूल झोपत नाही. सुट्टी संपायच्या आधी आठ-दहा दिवस उठण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, झोपण्याची वेळ आपोआप मागोमाग येते. ऑनलाइन तास घरातून असला तरी तासाच्या पाच मिनिटं आधी उठून बसणं चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची चांगली हालचाल सांगते. ऑनलाइनच्या दिवशी शाळेपर्यंतचं चालणं आणि मधल्या सुट्टीतली पळापळ दोन्ही गेलेली असतात, ती दिवसात कुठे भरून निघणार ते वेळापत्रकात लिहा.

कॉपीचं थोडक्यात. प्रत्येक कामाच्या वर लिहायचं: एकट्यानं, जोडीनं, पुस्तक उघडून, की एआय वापरून. एआय वापरायला परवानगी असेल तर कुठे वापरला ते मुलानं दोन ओळींत सांगायचं. हे लिहिलेलं नसेल तर मुलावर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवू नये असं माझं मत आहे, सहकारी सहमत नाहीत.

शेवटी काळजीच्या खुणा. एखादं मूल दोन आठवडे वेगळं वागत असेल, आवडीचं सोडलं असेल, सारखं पोट दुखतं म्हणत असेल, हजेरी लावून गायब होत असेल, तर त्याला बाजूला घेऊन साधं विचारायचं: ‘हल्ली तू गप्प दिसतोस. काही झालंय का?’ आणि मग थांबायचं. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण लगेच उपाय सांगू लागतो. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन’ एवढंच खरं आहे. मूल जगणं नकोसं झाल्याचं बोललं तर ते नाटक आहे की खरं हे आपण ठरवत बसायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, पालकांना आणि समुपदेशकांना त्याच तासाला कळवायचं. ऑनलाइन असेल तर कॉल चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून घरी संपर्क करायचा. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या घरचे दोन नंबर आणि पत्ता शिक्षकाच्या हाताशी कागदावर हवेत. हे नंबर सत्राआधी एकदा फिरवून बघा. दरवर्षी तीन-चार तरी बदललेले असतात.

नावांच्या चिठ्ठ्या मी पाकिटात घालून ठेवते आणि महिन्याभरानं मुलांना परत देते, बदल करायचा असेल तर करा म्हणून. मागच्या वर्षी एका मुलीनं माझं नाव खोडून दुसऱ्या बाईंचं लिहिलं. मी पाकीट चिकटवलं आणि त्या बाईंना जाऊन सांगितलं.