एम३५ए२ ट्रकला दुसरं इंजिन: आधी काय मोजायचं

अमेरिकन लष्कराच्या लिलावातला एम३५ए२. चढावर तापायचा, रेडिएटरचं पाणी कमी व्हायचं, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी मिसळत होतं. रेडिएटर साफ केला, हेड गॅस्केट बदललं, पुन्हा तेच. जीव मेटाकुटीला आला. शेवटी ब्लॉकलाच तडा सापडला.

मूळ मल्टिफ्यूल (अनेक इंधनांवर चालणारं) इंजिन ७.८ लिटरचं, गव्हर्नर (फेऱ्यांवर मर्यादा घालणारा भाग) २६०० आरपीएमवर, गिअरही त्यालाच जुळवलेले. जास्त फेऱ्यांवर ताकद देणारं पेट्रोल व्ही-८ इथे कुचकामी. मेकॅनिकल पंपाचं ५.९ लिटर कमिन्स ६बीटी डिझेल इंजिन घेतलं, तेही एअर कॉम्प्रेसरसकट, कारण ब्रेकला हवा लागते.

आधी बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि क्लच जुळवले. मग पुढचा ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शन दाबलं जाण्याची शेवटची मर्यादा) दाबून डिफरन्शियल इंजिनखालच्या ऑइल पॅनला घासत नाही ना, ते पाहिलं. त्यानंतरच इंजिनचे माउंट वेल्ड केले. स्टार्टर-अल्टरनेटर २४ व्होल्टचेच बसवले.