टिन-स्लॅब तापतो तेव्हा : छताला पांढरा हात कसा द्यावा

आमच्या भागात माकडांनी छतावरचे कवेलू, म्हणजे कौलं, टिकू दिले नाहीत. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस मिळेना, आणि फेरलेले कवेलू माकडं चार दिवसांत फोडत. म्हणून घरांवर टिनं चढली, घरकुलांना स्लॅब पडले. माकडांचा प्रश्न सुटला आणि उन्हाचा सुरू झाला. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जायची. आता मे महिन्यात दुपारी टिनाखाली बसवत नाही, आणि स्लॅबच्या घरात रात्री दहालाही वरून झळ येते, कारण दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री खाली सोडतो.

चंद्रपूर-अकोल्याचा ४५ च्या वरचा जो पारा पेपरात येतो, तो सावलीतला. उन्हात पडलेलं काळवंडलेलं छत ६० अंशांच्या घरात जातं. ताजा पांढरा लेप मात्र ७० ते ८० टक्के ऊन आल्या वाटेने परत पाठवतो. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेत हजारावर जास्तीचे मृत्यू पाहिले, २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं. शहरासाठी काढलेला हा उपाय गावात तर जास्त सोपा आहे, कारण आपली घरं बैठी. छत थंड झालं की थेट आपल्या डोक्यावरचंच थंड होतं. खोलीत साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. कुलर काढून ठेवाल असं नाही, पण लाइन गेल्यावर कुलर बंद पडतो, छत नाही.

आधी छत ओळखा. स्लॅबला चुना चालतो. टिनावर चुना धरत नाही. पत्रा उन्हाने फुगतो, रात्री आकसतो आणि पापुद्रे निघतात. टिनाला गंज खरवडून, प्रायमर मारून, बाहेरच्या कामाचा पांढरा अॅक्रेलिक रंग द्या. नवीन टिन चकाकतं म्हणून ते थंड असेल असं समजू नका. ते ऊन बरंच परतवतं, पण पोटात गेलेली उष्णता सहजासहजी बाहेर टाकत नाही. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका, फळी टाकून चाला. आणि असा जुना सिमेंटचा पत्रा कोरडा घासू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. कवेलूचं घर अजून असेल तर ते तसंच ठेवा, तुम्ही नशीबवान आहात.

वेळ होळी ते गुढीपाडवा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापलेले दिवस, लागल्यावर छतावर चढणं म्हणजे स्वतःहून उन्हाच्या तोंडी जाणं. अवकाळीचा अंदाज असेल तर थांबा, ताजा चुना एका सरीत वाहून जातो.

आता चुना. ५०० चौरस फुटांच्या स्लॅबला १५ किलो कळीचा चुना घरात असू द्या. किलोला पाच लिटर पाणी धरा. चुना लोखंडी ड्रममध्येच विझवा. तो असा उकळतो की प्लास्टिकची बादली वितळते. आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे खडे. उलटं केलं, म्हणजे चुन्यावर पाणी ओतलं, की तो तोंडावर उडतो. पोरांना लांब ठेवा, चष्मा लावा, हातमोजे घाला. डोळ्यात गेलाच तर चोळू नका, भरपूर पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. रात्रभर मुरू द्या, सकाळी जुन्या धोतराने गाळा. १५ लिटरच्या बादलीला पाव किलो फेविकॉल घातलं की लेप हाताला फारसा लागत नाही. पूर्वी लोक डिंक घालत, तोही चालतो.

स्लॅब आदल्या दिवशी झाडून, शेवाळ खरवडून धुऊन घ्या. भेगा असतील तर आधी सिमेंटने भरा. चुना गळती थांबवत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. संध्याकाळी स्लॅबवर पाणी शिंपडा आणि ओलसर असतानाच पहिला हात द्या. कोरड्या तापलेल्या स्लॅबवर चुना लगेच सुकतो आणि भुकटी होऊन उडतो. पहिला हात ताकासारखा पातळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरा, आडवा मारला असेल तर आता उभा. ओला असताना तो मळका दिसेल, घाबरू नका, वाळल्यावर पांढरा होतो. शिडीकडून नव्हे, लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, नाहीतर शेवटी आपणच मधे अडकतो.

खात्री करायची असेल तर आधी अर्धंच छत रंगवा आणि दुपारी दोनला दोन्हीकडे हाताचा तळवा टेकवून पाहा.

चुना एका पावसाळ्यात जातो, म्हणून दरवर्षीचं काम समजा. टिनावरचा रंग काही वर्षं टिकतो. पण वावरातली धूळ बसली की दोन्ही मळतात आणि मळलेलं छत ऊन पुन्हा प्यायला लागतं, तेव्हा एप्रिलच्या शेवटी एकदा झाडू फिरवा. आमच्या घरी मात्र चुन्यावर वेगळीच तक्रार झाली: कुरड्यांना पांढरं लागलं. आता जुनं लुगडं अंथरून, त्यावर प्लास्टिक टाकून वाळवण घालतात.