तळहाताच्या घामाचं औषध 'लागू पडत नाही'? आधी या चुका टाळा

रेशन दुकानात मशीन तीनदा अंगठा नाकारते. शर्टाला पुसून पुन्हा लावला तरी तेच, अन् मागची रांग कुरकुरायला लागते. वऱ्हाडात मे महिन्यात 45 डिग्रीला घाम कोणाला येत नाही? पण पौषाच्या थंडीतही दोन्ही तळहात गळत असतील, तर ती गोष्ट वेगळी.

त्यावरचं पहिलं औषध साधं आहे: अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेटचं साधारण 20 टक्क्यांचं द्रावण. हा क्षार घामाच्या नळीत साचून बुचासारखा बसतो. बाटली आणणारे बरेच जण मात्र आठ दिवसांत ती कोनाड्यात टाकतात. आग होते, फरक काही नाही, एवढंच सांगतात. माझ्या मते दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, ओला हात.

पाण्याशी गाठ पडली की या क्षारातून थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. चुरचुरतं ते त्यामुळेच. शिवाय घाम वाहत असला तर बूच बसायच्या आधीच औषध धुवून जातं. म्हणून सकाळी वावरात जाताना लावणं वाया. झोपेत हा घाम थांबतो, तेव्हा औषध रात्री निजतानाच लावायचं. त्याआधी हात धुतले असतील तर नुसतं पुसून भागत नाही, पंख्याखाली पूर्ण कोरडे होऊ द्या. (लाईट गेली असेल तर त्या रात्री राहू द्या, बाप्पा.) सकाळी धुवून टाका.

दोन दिवसांत निकाल मागू नका. तळहाताची कातडी जाड, तिला काखेपेक्षा जास्त दिवस लागतात. घाम आटोक्यात आला की रोज लावायची गरज नाही, आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटं चिरली असतील तर ती भरेपर्यंत थांबा. आग झाली म्हणून मेडिकलमधून गजकर्णाची मिश्र मलम आणून चोपडू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत जोरदार स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते. द्रावणात अल्कोहोल असेल तर बाटली चुलीपासून दूर ठेवा. तुरटी घासणं स्वस्त आहे, पण ते हे औषध नव्हे.

हा घाम बहुधा शाळेच्या वयातच सुरू होतो, आणि दोन्ही हातांना सारखा येतो. मोठेपणी अचानक सुरू झाला, एकाच हाताला आला, किंवा रात्री अंथरूण भिजून वजन उतरू लागलं, तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, क्षय यांची तपासणी लागते.

आणि फवारणीच्या दिवसांत घामासोबत लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर असं काही असेल, तर ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यानं ती भोगली आहे. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, लगेच दवाखाना गाठा. जाताना फवारलेल्या औषधाचा डबा सोबत न्या.