जुन्या टॅग टीमची पारख कशी करावी: मिडनाइट एक्सप्रेसच्या लढती हाताशी धरून

अमेरिकन व्यावसायिक कुस्तीतली एखादी जुनी टॅग टीम, म्हणजे आळीपाळीनं रिंगमध्ये उतरणारी दोघांची जोडी, खरंच भारी होती का, असं विचारलं की लोक लगेच दोन आकडे पुढे करतात. पट्टे किती जिंकले आणि समीक्षकांनी लढतीला तारे किती दिले. दोन्ही बाजूला ठेवा. पट्टा कुणाच्या कमरेला बांधायचा हे बुकर, म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवणारा माणूस, ठरवतो. मिडनाइट एक्सप्रेसकडे एनडब्ल्यूए या कुस्ती संघटनेचे जागतिक टॅग टीम पट्टे 1988 च्या सप्टेंबरात आले आणि ऑक्टोबर संपायच्या आत रोड वॉरियर्स या जोडीकडे गेले. त्या सात आठवड्यांत जोडी सुधारली आणि लगेच बिघडली, असं थोडंच आहे? ताऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ती दुसऱ्याची आवड आहे, तुमची पारख नाही.

नुरा कुस्ती म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी हा लेख नाही. कोल्हापूरच्या मैदानात पाठ टेकली की विषय संपतो. इथे निकाल आधीच ठरलेला असतो, त्यामुळे बघायचं ते तिथपर्यंत लोकांना कसं नेलं एवढंच.

1. जोडी नक्की कोणती, ते ठरवा. जिम कॉर्नेटच्या हाताखालच्या मिडनाइट एक्सप्रेस दोन आहेत. बॉबी ईटन आणि डेनिस कॉन्ड्री 1983 च्या शेवटी मिड-साउथ या कुस्ती कंपनीत एकत्र आले. 1987 मध्ये कॉन्ड्री गेला आणि त्याच्या जागी स्टॅन लेन आला. नाव तेच, टेनिस रॅकेट घेतलेला मॅनेजर तोच, पण कामाची पद्धत वेगळी. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून मत देऊ नका.

2. लढती निवडा. प्रतिस्पर्धी वेगवेगळे हवेत. ईटन-लेनसाठी माझी यादी ठरलेली आहे: 27 मार्च 1988 ला ग्रीन्सबरोमध्ये पहिल्या क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स या कार्यक्रमातली फँटॅस्टिक्स जोडीबरोबरची, 25 फेब्रुवारी 1990 ची रेसलवॉर कार्यक्रमातली रॉक अँड रोल एक्सप्रेसबरोबरची (मॉर्टन आणि गिब्सन यांची जोडी) आणि जुलै 1990 ची बाल्टिमोरमधली सदर्न बॉइजबरोबरची. शिवाय टीबीएस वाहिनीवरच्या शनिवारच्या कार्यक्रमातल्या, अनोळखी पोरांना दोन-तीन मिनिटांत लोळवणाऱ्या दोन-चार छोट्या लढती. हायलाइट्सच्या क्लिप अजिबात नकोत. आणि स्टारकेड 1986 ची मचाणावरची लढत पारखीसाठी बाद! ईटन, कॉन्ड्री आणि रोड वॉरियर्स तिथे जीव मुठीत धरून सरकताहेत, कॉर्नेट खाली पडून गुडघा फोडून घेतो. थरार आहे, पण त्यातून टॅग टीम कळत नाही.

3. एकदा सरळ बघून टाका. वही नको.

4. आता मधला भाग. सगळे अडतात ते इथे, मीही बरीच वर्षं इथेच अडायचो. सुरुवातीची पळापळ आणि शेवटची धुमश्चक्री कुणालाही आवडते. मधली सात-आठ मिनिटं, ज्यात खलनायक जोडी एका नायकाला आपल्या कोपऱ्यात कोंडून कुटते, ती लोक पुढे ढकलतात. 'इथे काही होत नाही, पुढे घ्या' असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. मिडनाइट एक्सप्रेससारख्या जोडीची सगळी कमाई या मिनिटांत आहे.

दुसऱ्यांदा बघताना मारणाऱ्याकडे बघूच नका. नजर दोरीबाहेर रिंगच्या कडेवर (एप्रनवर) उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदारावर ठेवा. नियम असा की टॅग (जोडीदाराच्या हाताला हात लावून जागा बदलणं) रेफरीनं पाहिला पाहिजे, आणि रिंगमध्ये एका बाजूचा एकच माणूस हवा. खलनायकांचं काम या नियमाला भोकं पाडायचं. समोरचा नायक चिडून आत घुसतो, रेफरी त्याला अडवायला वळतो, आणि त्याच्या पाठीमागे हे दोघं अदलाबदल करतात. हाताला हात लागलेला नसतो. नुसती टाळी वाजवून टॅग झाल्याचा आवाज काढतात. चांगल्या जोडीत ही अदलाबदल रेफरीची मान वळायच्या आत उरकते. कच्च्या जोडीत रेफरीला उगाच दोन सेकंद भिंतीकडे बघत उभं राहावं लागतं. ते एकदा दिसलं की जोडीचे गुण कापा.

त्याहून अवघड आहे वाट कापणं. मार खाणारा सरपटत आपल्या कोपऱ्याकडे निघतो, हात लांब करतो, आणि खलनायक त्याचा पाय धरून मागे ओढतो. पाय फार लवकर धरला तर लोकांना आशाच वाटत नाही. फार उशीर केला तर धरणारा बावळट दिसतो. त्यात दरवेळी तीच युक्ती वापरली तर लोक जांभया देतात. म्हणून प्रत्येक वाट कशी कापली, कुणी कापली, आधीच्यापेक्षा वेगळी होती का, हे लिहून ठेवा. वही लागते ती इथे.

माझी एक खोड सांगतो, हसू नका. हा भाग तिसऱ्यांदा लावून मी पडद्यावर टॉवेल टाकतो आणि नुसता ऐकतो. प्रत्येक कापलेल्या वाटेनंतर लोकांचा आवाज आधीपेक्षा वर चढत गेला, तर जोडीला काम येतं. एकाच पातळीवर राहिला, तर ते दोघं नुसतेच मारताहेत. कॉमेंटेटर ओरडला म्हणून फसू नका, त्याला ओरडायचेच पैसे मिळतात.

5. समोरच्याची वजाबाकी करा. रिकी मॉर्टन मार खात असला की कुणीही राक्षस वाटतो, इतका तो माणूस मार सुंदर खातो. म्हणूनच नुसत्या रॉक अँड रोलच्या लढतींवरून मिडनाइटवर शिक्का मारणं मला पटत नाही. बाल्टिमोरची लढत त्यासाठीच यादीत आहे. तिथल्या सदर्न बॉइजचं, म्हणजे ट्रेसी स्मदर्स आणि स्टीव्ह आर्मस्ट्राँग यांचं, तेव्हा मॉर्टन-गिब्सनइतकं नाव नव्हतं. लेन आणि स्मदर्स यांची कराटेची जुगलबंदी बघा, आणि शेवट बघा: लेनची लाथ, ईटननं गुंडाळून पाठ टेकवली, रेफरीनं तीन मोजले. जोडीची ठेवणीतली चाल न वापरता दोघांच्या वेळेवर काढलेला शेवट आहे तो.

6. मॅनेजर वेगळा मोजा. रेसलवॉरमध्ये कॉर्नेट आणि रेफरी निक पॅट्रिक यांची जुंपते, तो प्रसंग भन्नाट आहे, पण ते गुण कॉर्नेटचे.

7. चाली शेवटी बघा. साथीदारानं वरच्या दोरीवरून ईटनला फेकायचं ते रॉकेट लाँचर, वरून ईटनचा लेग ड्रॉप म्हणजे अलाबामा जॅम. छोट्या लढतींत या स्वच्छ दिसतात.

माझं मत विचाराल तर दिसायला देखणी जोडी ईटन-लेन, पण मधल्या मिनिटांत कॉन्ड्री लेनपेक्षा सरस. तो शोभेचं काही करत नाही, कोपरा सोडत नाही. 1984 च्या रॉक अँड रोलबरोबरच्या लढती मिळवा, टॉवेल टाका आणि माझं चुकतंय का ते सांगा. मग हीच वही घेऊन आर्न अँडरसन आणि टली ब्लँचर्ड यांच्या जोडीकडे वळा.