खुल्या नकाशात भर घालण्यापूर्वी: बेळगाव सीमाभागातील तयारीची यादी

ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर आपल्या गावाची माहिती भरायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे आपण नोंदवणार असलेल्या प्रत्येक नावाबद्दल आणि प्रत्येक रेषेबद्दल "हे तुम्हाला कुठून कळले?" असे कोणी विचारले, तर सरळ उत्तर देता आले पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण इथे गावांच्या आणि गल्ल्यांच्या नावांवरून नकाशातही वाद होतात. अशा वादात ज्या नावाचा स्रोत सांगता येतो तेच टिकते, आणि दुसऱ्याच्या नकाशातून उचललेले नाव अचूक असले तरी काढून टाकले जाते.

खाते उघडताना योगदानाच्या ज्या अटी समोर येतात, त्या वाचूनच मान्य कराव्यात. आपण जे भरतो ते भरण्याचा अधिकार आपल्याला आहे, अशी हमी आपण तिथे देत असतो. हा सारा साठा सप्टेंबर २०१२ पासून ओपन डेटाबेस लायसन्स या खुल्या परवान्याखाली दिला जातो. परवाना बदलला त्या वेळी ज्यांनी नव्या अटींना संमती दिली नाही, त्यांचे काम नकाशातून खरोखरच वगळण्यात आले होते, यावरून हा प्रकल्प हक्कांच्या बाबतीत किती काटेकोर आहे ते लक्षात यावे.

कामाला बसताना गूगल मॅप्सची खिडकी बंद ठेवावी, नाव "फक्त पडताळण्यासाठी" म्हणूनही ती उघडू नये. त्यावरील रस्ते, दुकानांची नावे, स्ट्रीट व्ह्यूमधील पाट्या, यांतले काहीही उतरवून घेता येत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नकाशा ही कलाकृतीच मानली जाते. नाव ही तर वस्तुस्थिती, तिच्यावर कोणाचा हक्क कसा, असे अनेकजण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. एखाद्या सुट्या नावापुरते ते खरेही आहे. पण आपण ते नाव ज्याच्या साठ्यातून घेतो, त्याच्या वापराच्या अटी आपल्यावर बंधनकारक असतात, शिवाय हा प्रकल्प चालवणारे प्रतिष्ठान इंग्लंडमध्ये नोंदलेले आहे आणि तिथे माहितीच्या संग्रहालाही स्वतंत्र संरक्षण आहे. नक्कल ओळखू येत नाही, हाही गैरसमजच. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशांवरून नक्कल केल्याच्या दाव्यात ऑटोमोबाइल असोसिएशन या तिथल्या वाहनचालकांच्या संस्थेला २००१ मध्ये दोन कोटी पौंडांची तडजोड करावी लागली, आणि ती नक्कल पकडली गेली नकाशात मुद्दाम ठेवलेल्या बारीकसारीक खुणांवरून.

सर्वांत भक्कम स्रोत म्हणजे आपले स्वतःचे पाय, म्हणून फिरण्याची तयारी नीट करावी. मोबाइलमध्ये जीपीएसची वाट नोंदवणारे ॲप आणि शक्य असल्यास स्ट्रीटकम्प्लीट हे जागेवरच प्रश्न विचारून माहिती भरून घेणारे ॲप आधीच उतरवून घ्यावे, बॅटरीची सोय करावी, आणि एक साधी वही घ्यावी, कारण पाटीवरचा मजकूर पाटीवर आहे तसाच लिहून घेणे वहीत सोपे जाते. समजा, शहापूर किंवा वडगावातील एखाद्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर मराठीत नाव रंगवलेले आहे आणि खांबावरच्या नव्या पाटीवर तेच कन्नड आणि इंग्रजीत आहे. तर तिन्ही लिप्यांतील मजकूर अक्षर न बदलता उतरवावा, कोणता भिंतीवर आणि कोणता खांबावर तेही लिहावे, स्वतः फोटो काढावा, आणि घरी आल्यावर मराठी नाव मराठीच्या रकान्यात, कन्नड नाव कन्नडच्या रकान्यात भरावे. एकाचे खोडून दुसऱ्याचे लिहिण्याची गरजच पडत नाही. पाणंदीला पाटी नसते. तिथे शेतातल्या माणसाला "मामा, ह्या पाणंदीला तुम्ही काय म्हणता?" असे विचारावे, दोघातिघांचे उत्तर जुळले की लिहावे, आणि स्रोत म्हणून "स्थानिक माहिती" असे नमूद करावे. हा स्रोत पूर्ण ग्राह्य आहे, आणि माझ्या मते आपल्या भागातील सर्वांत मोलाचाही, कारण ही नावे कुठल्याही कंपनीच्या साठ्यात सापडत नाहीत.

उपग्रहचित्रांवरून घरे, तळी, रस्ते रेखाटता येतात, मात्र नकाशा संपादनाच्या साधनातच दिलेल्या यादीतील चित्रांवरून. मायक्रोसॉफ्टची बिंग आणि एस्री या नकाशासेवांनी त्यासाठी परवानगी दिलेली आहे. ही चित्रे काही मीटर सरकलेली असू शकतात, म्हणून आपली जीपीएसची वाट त्यावर ठेवून आधी जुळवणी करावी. कणकुंबी-जांबोटीकडच्या दाट झाडीत पायवाटा वरून दिसतच नाहीत, तिथे चालत जाण्याला पर्याय नाही.

सरकारी कागदांबाबत सर्वाधिक घोटाळा होतो, म्हणून येथे सावकाश जावे. कर्नाटक सरकारच्या 'दिशांक' ॲपवर सर्व्हे नंबर दिसतो, भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मोफत उतरवून घेता येतात, परंतु पाहायला मिळणे वेगळे आणि त्यावरून नकाशा रेखाटण्याचा परवाना असणे वेगळे. सरकारी प्रकाशनावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशावरचा हक्क २०२२ च्या अखेरीस संपला. हा हिशेब हातातील आवृत्तीवर छापलेल्या वर्षावरून करावा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा बेळगाव खंड असाच मोकळा आहे, आणि अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने काढलेले भारताचे जुने नकाशेही सार्वजनिक मालकीचे आहेत. त्यांतील नावे मात्र "जुने नाव" या रकान्यातच शोभतात, कारण आज त्या जागी काय आहे ते ते सांगू शकत नाहीत.

ग्रामपंचायतीकडून किंवा एखाद्या संस्थेकडून यादी मिळणार असेल, तर ती माहिती ओपन डेटाबेस लायसन्सखाली जाईल आणि कोणीही, व्यापारासाठीसुद्धा, वापरू शकेल, हे स्पष्ट लिहिलेले संमतिपत्र आधी घ्यावे. तोंडी "घ्या की" पुरत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देशाचा, म्हणजे मूळ कर्त्याचे नाव देऊन वापरू देणाऱ्या परवान्याचा, शिक्का असला तरी स्वतंत्र संमती लागते. विकिपीडियावरील अक्षांश-रेखांशही उचलू नयेत, कारण ते मुळात कुठल्या नकाशावरून आले हे बहुधा कळत नाही.

बदल जतन करताना टिपणीत स्रोत लिहावा: "प्रत्यक्ष पाहणी", "बिंग चित्र" किंवा "स्थानिक माहिती". आधीच्या कोणाचे काम नक्कल वाटले, तर स्वतःहून पुसू नये. त्या बदलाखाली नम्रपणे विचारणा करावी, उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा, आणि ते आलेच नाही तर दुवे व तारखा जोडून प्रतिष्ठानच्या डेटा वर्किंग ग्रुपला, म्हणजे अशा तक्रारी पाहणाऱ्या गटाला, कळवावे. मजकूर काढून टाकण्याचा निर्णय झाला, तर त्या गल्लीत पुन्हा जाऊन पाटी वाचावी आणि तेच नाव आपल्या पाहणीतून नव्याने भरावे.