फॉरमॅट मारण्याआधी दोष कुठं आहे ते बघा

कॉम्प्युटर अडकायला लागला की बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीपर्यंत कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून टाकूया की," म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्यानं घालूया. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत मी तो मानला. पत्रिकांच्या फाइल डी ड्राइव्हवर सुखरूप राहिल्या. पण त्या ज्या जुन्या फॉन्टमध्ये बसवल्या होत्या, ते सी ड्राइव्हबरोबर पुसले गेले. 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसायला लागला. शिवाय आठ दिवसांत मशीन पुन्हा पहिल्यासारखंच अडकू लागलं, कारण दुखणं हार्डडिस्कचं होतं. विंडोज नव्यानं घातलं तर विंडोजचाच बिघाड जातो, यंत्राचा नाही. म्हणून आधी दोष कुठला ते ओळखा.

एकाच प्रोग्रॅममध्ये त्रास असेल आणि बाकी सगळं नीट चालत असेल, तर तो प्रोग्रॅमच काढून पुन्हा घाला. त्रास सगळीकडं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन नवीन यूजर अकाउंट उघडा आणि त्यातून काम करून बघा. तिथं सगळं सुरळीत असेल तर विंडोज शाबूत आहे, बिघाड तुमच्या जुन्या अकाउंटपुरता आहे. फाइल नव्या अकाउंटमध्ये हलवल्या की काम झालं.

नव्या अकाउंटमध्येही तोच त्रास असेल तर यंत्र तपासा. टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर कशाचा किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) काही काम चालू नसतानाही डिस्क 100 टक्क्यांवर अडून बसते का? फाइल कॉपी करताना मध्येच थांबते का? टिकटिक ऐकू येते का? तसं असेल तर विंडोजला हात लावण्याआधी डेटा बाहेर काढा आणि डिस्क बदला. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. मशीन बंद पडून चुकीचा निरोप देणारा निळा पडदा वरचेवर येत असेल तर विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक चालवून रॅम तपासा. 4 जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क असलेलं मशीन फॉरमॅटनं चार दिवस पळेल, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घातली तर खरंच पळेल. माझ्या मते तेवढा खर्च दहा फॉरमॅटपेक्षा बरा.

त्रास ठरावीक दिवसापासून सुरू झालाय का? स्टार्टच्या शोधात 'रिलायबिलिटी' (reliability) टाका. दिवसवार तक्ता उघडतो, बिघाड झाला तिथं लाल फुली असते. त्याच दिवशी एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) किंवा अपडेट आलेलं दिसलं तर ते काढा. नाहीतर सिस्टिम रिस्टोअरनं आधीच्या तारखेला परत जा. तुमची कागदपत्रं त्यात जात नाहीत, त्या तारखेनंतर घातलेले प्रोग्रॅम मात्र जातात.

खानापूर भागात पावसाळ्यात लाईट ये-जा करते. यूपीएस नसलं की चालू मशीन धाडकन बंद पडतं आणि विंडोजच्या फाइल बिघडू शकतात. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी 'डिसम'ची रिस्टोअर हेल्थ आज्ञा (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) द्या, मग 'एसएफसी /स्कॅननाऊ' (sfc /scannow). दोन्हींना वेळ लागतो, मध्ये बंद करू नका. एवढ्यानं भागलं नाही तर विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेनं जा. तिथं विंडोज अपडेटमधून दुरुस्ती करायचा पर्याय असतो. त्यात विंडोज नव्यानं बसतं, पण प्रोग्रॅम आणि फाइल राहतात.

हे सगळं करूनही जमलं नाही, व्हायरसनं मुळापर्यंत घर केलं, किंवा मशीन कुणाकडून जुनं विकत घेतलं असेल, तर कोरं विंडोज घालणंच योग्य. विंडोज 10 चा नेहमीचा आधार (सुरक्षेची अपडेट वगैरे) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळं घालायचंच तर मशीन 11 ला चालतं का ते आधी बघा.

आता बॅकअप. इथं घाई करू नका. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सी ड्राइव्हवरच असतात, हे बरेचजण विसरतात. विंडोजमधलं फॉन्ट्सचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. आपल्याकडं एकाच मशीनवर मराठी पत्रिका श्रीलिपीत आणि कन्नड अर्ज नुडी या कन्नड टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये असतात, तेव्हा दोन्हींचे इन्स्टॉलर आणि श्रीलिपीचं लायसन्स हाताशी ठेवा. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा बॅकअप टॅलीतूनच घ्या. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर कुठून मिळतो ते लिहून ठेवा. बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, ती नसली तर डिस्क उघडत नाही. विंडोजच्या रिसेटमध्ये 'कीप माय फाइल्स' (माझ्या फाइल ठेवा) निवडलं तरी प्रोग्रॅम आणि बाहेरून घातलेले फॉन्ट जातात.

घेतलेला बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नवं विंडोज बसलं की आधी फॉन्ट घाला आणि सगळ्यात जुनी पत्रिका उघडा. तिच्यातलं वधू-वरांचं नाव नीट वाचता आलं, की मगच बॅकअपची डिस्क कपाटात ठेवा.