चेंडू कुंपणाच्या माथ्यावर आदळला, तर निकाल कसा ठरवावा

बेसबॉलमध्ये फटकावलेला चेंडू आउटफिल्डच्या (मैदानाच्या दूरच्या भागाच्या) कुंपणाच्या अगदी माथ्यावर आदळला, की क्रिकेट पाहत वाढलेला प्रेक्षक होम रन (फलंदाजाला सगळे बेस, म्हणजे मैदानावरील चार थांबे, फिरून धाव मिळवून देणारा फटका) गृहीत धरतो; कारण क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा न पडता थेट सीमारेषेच्या दोरीला लागला तरी षटकार मिळतो. बेसबॉलमध्ये मात्र नुसत्या स्पर्शाने काहीच ठरत नाही. कुंपणाला लागण्याआधी चेंडू जमिनीवर पडला होता का आणि लागल्यानंतर तो कोणत्या बाजूला गेला, हे पाहावे.

फाउल रेषांच्या (मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या हद्दीच्या रेषांच्या) आत राहिलेला चेंडू टप्पा न पडता माथ्यावर आदळून पलीकडे गेला, तर होम रन द्यावा. मात्र तेथील कुंपण होम प्लेटपासून (फलंदाज जेथे उभा राहतो त्या बेसपासून) किमान २५० फुटांवर असले पाहिजे. आधी टप्पा पडून मग पलीकडे गेला, किंवा कुंपणातच अडकला, तर फलंदाजाला आणि बेसवरील प्रत्येक धावपटूला दोन बेस मिळतात.

खरा घोळ होतो तो चेंडू उसळून मैदानात परत येतो तेव्हा. अशा वेळी खेळ चालूच राहतो. परत आलेला चेंडू क्षेत्ररक्षकाने वरच्या वर पकडला तरी फलंदाज बाद होत नाही, कारण कुंपणाला लागलेल्या चेंडूचा झेल धरला जात नाही. म्हणून धावपटूने न थांबता पळावे आणि क्षेत्ररक्षकाने पंचाकडे न पाहता चेंडू फेकावा. २० सप्टेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, मेट्स आणि पायरेट्स यांच्या सामन्यातील तेराव्या डावात, पायरेट्सच्या डेव्ह ऑगस्टीनचा फटका डाव्या बाजूच्या भिंतीच्या माथ्यावर आदळून थेट मेट्सच्या क्लिऑन जोन्सकडे आला. जोन्सने तो वेन गॅरेटकडे व गॅरेटने कॅचर (होम प्लेटमागचा यष्टिरक्षकासारखा खेळाडू) रॉन हॉजेसकडे फेकला, आणि पहिल्या बेसवरून धावत आलेला रिची झिस्क होम प्लेटवर बाद झाला. त्याच डावात, आपली फलंदाजीची पाळी आल्यावर, मेट्सने सामना जिंकला.

क्षेत्ररक्षकाच्या अंगाला लागून उडालेला चेंडू टप्पा न पडता पलीकडे गेला, तर तोही होम रनच. २६ मे १९९३ रोजी क्लीव्हलंडमध्ये कार्लोस मार्टिनेझचा फटका टेक्सास रेंजर्सच्या होझे कान्सेकोच्या डोक्यावर आदळून असाच पलीकडे गेला होता, आणि निर्णय, हसू आवरून का होईना, नियमाप्रमाणेच द्यावा लागतो.

काही मैदानांवर भिंतीच्या माथ्याखाली पिवळी रेष रंगवलेली असते. त्या रेषेच्या वर लागलेला चेंडू परत आला तरी होम रन ठरतो. नुसत्या रेषेला लागलेला चेंडू मात्र साधारणतः खेळातच धरला जातो. प्रत्येक मैदानाचे असे स्थानिक नियम वेगळे असू शकतात, म्हणून सामन्याआधी होम प्लेटजवळ पंच आणि दोन्ही संघांचे व्यवस्थापक भेटतात तेव्हाच ते स्पष्ट करून घ्यावेत. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) ऑगस्ट २००८ पासून होम रनच्या शंकास्पद निर्णयांसाठी चित्रफीत पाहण्याची सोय आहे. जेथे ती नाही, तेथे चेंडूच्या सर्वांत जवळ धावत गेलेल्या पंचाचे म्हणणे इतर पंचांनी आधी ऐकून घ्यावे.